एक डबा म्हणजे किती?

वसईला आमच्या आजीच्या बोलण्यात अजून चिपटं-मापटं येतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५८पासून देशात टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, तरी आजीच्या डब्यातलं चिपटं काही हललं नाही. ही मापं भांड्याची, वजनाची नव्हेत. चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर पोहे वजनाला सारखे भरत नाहीत, हे आजीला कुणी शिकवावं लागलं नाही. कॉम्प्युटरला मात्र शिकवावं लागतं.

मे महिन्यात सुरतला मावशीकडे होते, तेव्हा ओळखीच्या एका हॉटेलात स्टॉकच्या नोंदी करायला जायचे. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जिनसाला तीन एककं: खरेदीचं, साठ्याचं आणि रेसिपीचं. कोथिंबीर जुडीने येते, ग्रॅमने वापरली जाते. लोचोची चणाडाळ भिजली की वजन जवळपास दुप्पट होतं. रेसिपीतली डाळ कोरडी की भिजलेली, हे लिहिलं नाही तर हिशेब बोंबलला! एककांची सांगड कुणीतरी माणसानेच घालायची असते. सॉफ्टवेअर ती निमूट खरी मानतं.

तिथले आचारी काका खान्देशातले. उधना-लिंबायतकडे अशी बरीच मराठी कुटुंबं आहेत. काही महिने स्टॉकमध्ये तेल कमी भरत होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण कोठीची किल्ली काकांकडून काढून घेतली होती.

"ताई, एवढं तेल घरी नेऊन मी काय अंघोळ करू?" काका हसत म्हणाले. ते हसणं बघवत नव्हतं.

मग मी रिकामा डबा फिरवून लेबल वाचलं: १५ लिटर. सॉफ्टवेअरमध्ये नोंद होती: १ डबा = १५ किलो. आधीचा व्यापारी किलोचे डबे द्यायचा, नवा लिटरचे देत होता. नोंद जुनीच राहिली. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे डब्यात साडेतेरा किलोंहून थोडंच जास्त. दहा डब्यांमागे साडेतेरा किलो तेल "गायब", आणि ते मुळात आलंच नव्हतं.

नोंद बदलली, किल्ली परत मिळाली. माफी कुणी मागितली नाही.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तराजूचा निषेध आहे. इथे तराजू खरा होता, डबा खरा होता, माणूसही खरा होता. खोटं होतं ते मधलं बरोबरचं चिन्ह. पण स्क्रीनवर आकडा लाल झाला की आपण एकक तपासत नाही, माणूस तपासतो. मशीनला आपण नेहमीच झुकतं माप देतो. आणि ते माप कुणाच्या पगारातून, कुणाच्या अब्रूतून भरलं जातं, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.