कम्युनियनच्या रांगेत

मी वसईचा कुपारी, कॅथलिक. राहतो न्यू जर्सीत, मत रिपब्लिकनांना देतो आणि माझं लग्न एका पुरुषाशी झालं आहे. यातलं काहीतरी सोड, असं अनेकांनी मला प्रेमानं सांगितलं. मला ते जमत नाही.

माझं परंपरावादी राजकारण अमेरिकेत आल्यावर सुरू झालं नाही, ते वसईच्या वाडीत रुजलं. माझ्या लहानपणी बिल्डर जमिनी घेत होते, टँकर विहिरी उपसत होते आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतर्फे लोकांना उभं करत होते. आजोबांनी वाडी विकली नाही. वडिलार्जित राखायचं, दिल्या शब्दाला जागायचं, घर धरून राहायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. कर कमी असावेत वगैरे नंतर पटत गेलं.

पुरुष आवडतात हे उमगलं तेव्हा याच संस्कारांची मला भीती वाटू लागली. चर्चच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातला 2358वा परिच्छेद माझ्यासारख्यांना आदरानं, करुणेनं वागवा असं सांगतो. त्याच्या आधीचा, 2357वा, आमचा शरीरसंबंध मुळातच विपरीत ठरवतो. एकानं धीर दिला, दुसऱ्यानं झोप उडवली.

वाट दाखवली ती अँड्र्यू सलिव्हन यांच्या लेखानं. ते समलिंगी, कॅथलिक आणि कॉन्झर्व्हेटिव्ह. ‘न्यू रिपब्लिक’मध्ये 1989 साली त्यांनी मांडलं होतं की, लग्नानं माणूस स्थिर आणि जबाबदार होतो असं आपण मानतो, तर समलिंगींना त्यापासून दूर का ठेवायचं? मला हेच हवं होतं. क्रांती नको होती. एक घर, एक बंधन, म्हातारपणी एकमेकांचं करणं.

26 जून 2015 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं देशभर आम्हाला लग्नाचा हक्क दिला. बहुमताचं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती केनेडी कॅथलिक आणि रीगन यांनी नेमलेले. विरोधात गेलेले चौघेही कॅथलिक आणि रिपब्लिकन अध्यक्षांनीच नेमलेले. माझ्या मनात वर्षानुवर्षं चाललेला वाद तिथं निकालपत्राच्या पानांवर उतरला होता.

पक्ष हळूहळू हलला. आमच्यासारख्यांच्या लग्नाला संरक्षण देणाऱ्या 2022 च्या विवाह कायद्याला 12 रिपब्लिकन सिनेटरांनी मत दिलं. 2024 च्या जाहीरनाम्यातून लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ही ओळ गेली. तरीही स्थानिक बैठकीत काहीजण माझ्या नवऱ्याशी हात मिळवत नाहीत. आम्ही पुढच्या बैठकीलाही दोघं मिळूनच जातो. उलट काही समलिंगी मित्रांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांचा राग मला कळतो. रीगन यांनी एड्सवर पहिलं मोठं भाषण केलं ते 1987 साली. तोवर हजारो माणसं गेली होती, आणि त्यांत माझ्या या मित्रांचे मित्र होते.

सगळ्यात अवघड जातो तो रविवार. आम्ही दोघं मिस्सेला जातो. नवरा कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर, घेतो; आपलं प्रेम पाप आहे असं तो मानतच नाही. मी रांगेत पुढं जातो, हात छातीवर आडवे धरतो आणि नुसता आशीर्वाद घेऊन परततो. अशा लग्नात असलेल्यानं ते घेऊ नये, हा चर्चचा नियम चुकीचा आहे असं मलाही वाटतं, फादरांशी मी त्यावर वाद घालतो. पण जे मला लहानपणापासून पवित्र म्हणून शिकवलं, ते नियम डावलून मला घ्यायचं नाही. ही भूक मोठी आहे. वसईहून आईनं फोनवर विचारलं, “तू कम्युनियन घेत नाहीस ना? मग ठीक.” तिला दिलासा मिळाला. मला त्या रात्री खूप रडू आलं.

डिसेंबर 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आमच्यासारख्या जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा धर्मगुरूंना दिली, मात्र तो लग्नविधीसारखा दिसता कामा नये या अटीवर. आमच्या फादरांनी तो दिला, आणि मी तो मनापासून घेतला.

त्याआधी, सिनडच्या, म्हणजे चर्चच्या धर्मसभेच्या, निमित्तानं जगभर धर्मग्रामांमध्ये लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं जात होतं, तेव्हा मीही उठून बोललो होतो. चर्चनं शिकवण घाईनं बदलावी, असं मी म्हटलं नाही. एवढंच मागितलं की, आमच्यापैकी एक आधी गेला तर अंत्यविधीच्या मिस्सेत दुसऱ्याला पहिल्या बाकावर, नवरा म्हणून बसू द्यावं. एका बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. उत्तर अजून आलेलं नाही.