दीडशें अक्षरांची ओळख

दुसऱ्यांचा परिचय करून देण्यांत माझें निम्में आयुष्य गेलें आहे. शिफारसपत्रें लिहावीं, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांची ओळख करून द्यावी, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याविषयीं चार गोड शब्द बोलावे, हीं सारीं कामें कॉलेजांत मजकडेच यावयाचीं. गेल्या मे महिन्यांत गणपतीपुळ्याच्या घरीं पडवींत वाचीत पडलों असतां पुतण्या जवळ येऊन म्हणाला, "काका, इन्स्टाग्रामवर आपल्या गाडीचं खातं उघडलंय. वर थोडी ओळख लिहावी लागते. तेवढी द्याल लिहून?"

मीं पुस्तक मिटलें आणि ऐटींत विचारलें, "किती पानं हवींत?"

"पानं नाहींत, काका. दीडशे अक्षरं. मधल्या मोकळ्या जागा धरून!"

पन्नास मिनिटांच्या तासाची संवय असलेल्या माणसाला हा धक्काच होता. माझा पहिला मसुदा "सह्याद्री आणि सिंधुसागर यांच्या कुशींत" अशा थाटांत सुरू झाला, आणि गाडीचें नांव येण्यापूर्वींच अक्षरें संपलीं. गणपतीपुळ्यास डोंगर हाच देव मानतात, त्यामुळें प्रदक्षिणा घालावयाची ती सबंध डोंगराभोवतीं. माझ्या लेखणीनेंही तोच फेरा धरला होता. दर्शन कांहीं होईना.

पुतण्याचा स्वतःचा मसुदा मात्र आटोपशीर होता: "मोटारवेडा. रस्ता हेच घर. वेग हाच श्वास."

"आपल्या गाडीचा वेग किती रे?" मीं विचारलें.

"चढणीला तीस," तो प्रामाणिकपणें म्हणाला. "पण सगळे असंच लिहितात."

सगळे लिहितात तें लिहिलें कीं माणूस सगळ्यांत मिसळून जातो. आणि ओळख तर त्यांतून वेगळें निवडण्यासाठीं असते. पण त्याला हसण्याचा मला अधिकार नव्हता. माझ्या शिफारसपत्रांतले "कष्टाळू, सुशील व होतकरू" विद्यार्थी तरी एकमेकांपासून कोण वेगळे ओळखूं शकेल?

ही गाडी म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळची ही इटलीची फियाट. वालचंद हिराचंदांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें ती मुंबईस कुर्ल्याला बांधावयास घेतली, आणि पुढें तिला पद्मिनी हें खास आपल्याकडचें नांव मिळालें. एके काळीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावर ती दारीं येई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपानें तर तिनें कैक पिढ्या वाहिल्या. त्यांतली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची मात्र दादा गेल्यावर रिकाम्या गोठ्यांत उभी राहिली. खाऱ्या वाऱ्यानें दारांच्या कडा खाल्ल्या, उंदरांनीं गादी पोखरली. पुतण्यानें रत्नागिरीच्या एका मेस्त्रीच्या हाताखालीं राबून तीन वर्षांत पत्रा बदलला, कार्बुरेटर साफ केला, आणि ती पुन्हां चालती केली.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दादांच्या चौदाव्या दिवशींच मीं वहिनींना सांगितलें होतें, "गाडी भंगारांत द्या. जागा तरी मोकळी होईल." तेव्हां हा मुलगा दारांत उभा होता. तो कांहींच बोलला नाहीं. आणि आतां त्याच गाडीची ओळख लिहावयास त्यानें मलाच सांगावें!

संध्याकाळीं त्यानें मला गाडींत बसवून जवळच्या मालगुंडास नेलें. स्टिअरिंगखालचा गियरचा दांडा तो अगदीं दादांसारखाच, अंगठा बाहेर ठेवून ओढीत होता. मालगुंड हें कृष्णाजी केशव दामले यांचें जन्मगांव. १८६६ सालीं येथें जन्मलेल्या ह्या माणसानें मराठी कवितेला नवें वळण लावलें, इंग्रजींतलें चौदा ओळींचें सॉनेट मराठींत आणलें, रूढींविरुद्ध तुतारी फुंकली. आणि स्वतःसाठीं नांव कोणतें घेतलें? केशवसुत! केशवाचा मुलगा. एवढ्या मोठ्या बंडखोराची ओळख पांच अक्षरांत, आणि तींही बापाच्या नांवानें! हें नांव मीं वर्गांत शेंकडों वेळां उच्चारलें असेल. पण स्मारकाच्या अंगणांत उभा असतांना त्याचा अर्थ मला प्रथमच ऐकूं आला.

परततांना मीं धीर करून विचारलें, "त्या दिवशीं माझा राग आला होता का रे?"

"आला होता," तो रस्त्यावरची नजर न काढतां म्हणाला. "म्हणून तर किल्ली लपवून ठेवली."

"मग ओळख लिहायला मलाच कां सांगितलंस?"

"बाबांच्या गाडीत तुमच्याइतकं दुसरं कोण बसलंय, काका?"

मला उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखालीं मीं एका दमांत लिहिलें: "वडिलांची १९८४ सालची पद्मिनी. गणपतीपुळें. चालवतों कमी, दुरुस्त करतों जास्त. किल्ली माझ्यापाशीं."

त्यानें तें दोनदां वाचलें. मग मोजलें.

"काका, बरीच अक्षरं उरलीं कीं!"

"उरूं देत," मी म्हणालों.