संगणकाचा जीर्णोद्धार

जुनी वस्तु टाकून द्यावी कीं दुरुस्त करून वापरावी, हा वाद प्रत्येक एकत्र कुटुंबांत कधीं ना कधीं होतोच. पूर्वीं तो रहाटावरून, समईवरून, शिवणाच्या यंत्रावरून होई. आमच्या गंगाखेडच्या घरीं तो नुकताच संगणकावरून झाला. २०१४ सालीं घेतलेला हा संगणक सुरू होण्यास इतका वेळ लावूं लागला कीं, कळ दाबून आम्हीं संध्येस बसावें आणि अर्घ्य आटोपून उठावें, तेव्हां कोठें त्याचा पडदा उजळावा! "आजोबा, हा आतां भंगारांत घाला," असें नातवाचें मत. तर "चालतोय तोंवर चालवा," असें आमच्या कुटुंबाचें.

प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. त्या यंत्रांत आमच्या कै. मातोश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या होत्या. जिच्यासह प्रत्यक्ष विठ्ठल दळूं लागला अशी आख्यायिका आहे, त्या जनाबाईचें हें जन्मगांव. तेव्हां येथील घरांस जात्याची ओवी किती जवळची, हें निराळें सांगावयास नको. २०१५ सालीं थोरल्या चिरंजीवांनीं त्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पुढील वर्षीं मातोश्री निवर्तल्या. त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती, आणि ज्या तबकडीवर त्या होत्या ती मधूनमधून कटकट असा आवाज करूं लागली होती.

येथें यंत्राची थोडी फोड करणें अवश्य आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय तबकड्या असतात. त्या सामान्यतः मिनिटास ५४०० अथवा ७२०० फेरे घेतात व एक सूक्ष्म शीर्ष त्यांवरून सरकत हवी ती नोंद हुडकतें. या जातीचें पहिलें यंत्र आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं काढलें. त्यांत ५० तबकड्या असूनही आजच्या एखाद्या छायाचित्राइतकीच माहिती मावे. उलट, सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्यें फिरणारें कांहींच नाहीं. सिलिकॉनच्या कोट्यवधि सूक्ष्म पेशींत विद्युत्कण कोंडून ठेवावयाचे, ही त्याची युक्ति. जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं ती गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत सिद्ध केली. तबकडीस एक नोंद शोधण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. हा ड्राइव्ह तेंच काम त्याच्याही शंभराव्या हिश्शांत करतो. संगणक सुरू होतांना अशा हजारों नोंदी धुंडाळाव्या लागतात. म्हणून फरक तेथेंच ठळक दिसतो.

निवड करतांना आम्हीं तीन गोष्टी पाहिल्या. पहिली जोडणी. एन. व्ही. एम. ई. जातीची चपटी पट्टी अधिक वेगवान खरी. परंतु तिच्यासाठीं आमच्या मदरबोर्डावर खांचच नव्हती, म्हणून अडीच इंची साटा ड्राइव्ह ठरविला. दुसरी धारणा. साठविलेली माहिती २०० जी. बी.हून कमी, म्हणून ५०० पुरेत. तिसरी आयुष्य. या पेशींवर पुनःपुन्हां लिहिण्यास मर्यादा असते. आम्ही घेतलेल्या ड्राइव्हची हमी पांच वर्षांची अथवा ३०० टेराबाइट लेखनाची होती. दररोज २० जी. बी. लिहिलें तरी तें लेखन पुरें होण्यास ४१ वर्षें लागतात! हें त्रैराशिक नातवाकडून वहींत करवून घेतलें, तेव्हां त्याची शंका फिटली.

ड्राइव्ह परभणीहून आणविला. परंतु पेचकस हातीं घेण्यापूर्वीं आम्हीं एक नियम घातला : आधीं ओव्या, मग यंत्र. कुरकुरणाऱ्या तबकडीस फार श्रम न देतां ओव्या व घरचीं छायाचित्रें तेवढीं एका बाह्य डिस्कवर उतरविलीं आणि प्रत्येक ओवी लावून ऐकली. स्वयंपाकघरांतून सूनबाई हात पुसत बाहेर आल्या. धाकट्या नातीनें आपल्या पणजीचा आवाज त्या दिवशीं प्रथमच ऐकला.

पुढील काम सोपें होतें. वीज तोडली, पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् उतरविली, आंतील काळ्या मातीची धूळ कुंचल्यानें झाडली आणि जुन्या डिस्कच्याच दोन तारा नव्या ड्राइव्हला जोडल्या. विंडोज १० चें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, व विंडोज ११ आमच्या जुन्या प्रोसेसरास चालत नाहीं. म्हणून लिनक्स प्रणाली घातली. आतां संगणक अर्ध्या मिनिटांत सिद्ध होतो.

तथापि नवें भांडेंही शाश्वत नव्हे. वीज न मिळतां असा ड्राइव्ह वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिला, तर कोंडलेले विद्युत्कण हळूहळू निसटतात व नोंद पुसली जाण्याचा संभव असतो. आमच्या पूर्वजांनीं वेद राखले ते एखाद्या अभंग पात्राच्या भरंवशावर नव्हे. पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं तेच शब्द उलटसुलट म्हणावे, आणि अनेक मुखीं म्हणावे. एक चुकला तर दुसऱ्यानें सांवरावें. तोच न्याय येथें लागू करून आम्हीं ओव्यांच्या तीन प्रती केल्या : एक संगणकांत, एक बाह्य डिस्कवर, एक पुण्यास धाकट्या चिरंजीवांकडे. दर दिवाळीस त्या लावून तपासाव्या, असें ठरलें आहे. चौथी प्रत आपोआप होत आहे. नातीस दोन ओव्या मुखोद्गत झाल्या.

वाचकांस एवढीच विनंति कीं, घरांतील वडील माणसांचा आवाज, हस्ताक्षर वा चित्र एकाच यंत्रांत एकटें पडलें आहे काय, हें आजच पाहावें. यंत्र मंद झालें तर बाजारांत उपाय मिळतो; तें एकाएकीं मुकें झालें, तर त्यांतील आवाज परत मिळेलच असें नाहीं.