नाकाची साक्ष

हायड्रोजन सल्फाइड हा वायू मोठा कपटी. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास देऊन सावध करतो. वाढला की नाकच बधिर करून टाकतो. मेनहोलचे झाकण सरकवून खाली वाकलेल्या माणसाला वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला असे वाटावे, हे साहजिकच. नेमका तेव्हाच तो वायू सर्वाधिक जवळ आलेला असतो.

2017 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, महिनाही पुरता भरला नव्हता, तोच दिल्लीतील घिटोरनी, लाजपत नगर आणि आनंद विहार येथे मिळून नऊ जण गेले. आनंद विहारचे दोघे तर सख्खे भाऊ. पुढच्या वर्षी, 9 सप्टेंबरला, मोती नगरमधील एका उंच गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत पाच तरुण मेले. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो; या कामातील माणुसकीही अशी जिवावर उठणारी.

मरणाची निदान बातमी तरी होते. काचेने चिरलेला तळवा, कचऱ्यातल्या सुईने टोचलेले बोट, कायमची जडलेली खरूज, वर्षानुवर्षांचा खोकला यांची कोठे होते? ठेकेदाराच्या हजेरीपटावर जखम चढत नाही. तिच्यापायी झालेला खाडा मात्र न चुकता चढतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटात मुंबईच्या एका मृत सफाई कामगाराची पत्नी साक्ष देते. तो आधी खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाही. आले तरच उतरे. विषारी वायूने त्याचा एक डोळा आधीच गेलेला होता. न्यायालयात चर्चा चालते ती त्याच्या मृत्यूची. डोळा ओघात येतो आणि ओघातच जातो.

कायद्याने मात्र हळूहळू डोळ्याचीही दखल घेतली आहे. हाताने मैला उचलण्यावर 1993 मध्ये बंदी आली, 2013 मध्ये ती अधिक व्यापक झाली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपये ठरविले. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ते तीस लाख केले, कायमच्या अपंगत्वासाठी वीस लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान दहा लाख सांगितले. रक्कम लहान नाही. ती मिळण्यापूर्वी एवढेच सिद्ध करावे लागते, की तो माणूस त्या दिवशी तेथे कामाला होता.