मूल हवे, मग ताकदीचे इंजेक्शन नको

लग्नाला पाच-सहा वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या वस्तीतही पहिले बोट बाईकडेच जाते. नामकरण असो, लग्न असो, नाही तर विहारातली वंदना आटोपून बायका ओट्यावर बसलेल्या असोत, "काहून वं, अजून काहीच नाही का?" हा प्रश्न ठरलेला. पुरुषाला तो कोणी विचारत नाही. आमच्या घरी मात्र अडचण पुरुषाच्या शरीरात निघाली. म्हणून आम्ही नवराबायकोने मिळून, एकमेकांना विचारून, हे चार शब्द लिहिले आहेत. असेच प्रश्न इतर घरांतही असतील, त्यांना उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

आम्ही वरूडला राहतो. नवरा संत्र्याच्या पेट्या भरतो, गाडीवर चढवतो. बायको घरी शिलाई मशीन चालवते. मृग आणि आंबिया, दोन्ही बहार आले की काम रात्रीपर्यंत चालते. पण दोन वर्षांपासून नवऱ्याला हंगाम नसतानाही थकवा येऊ लागला. दाढी विरळ झाली, चिडचिड वाढली आणि नवराबायकोच्या संबंधांची इच्छाच उरली नाही. घरात दोघांनीही तोंड मिटून घेतले. कोणी शुगर म्हटले, कोणी रक्त कमी म्हटले. एका नात्यातल्या बाईने तर बाबाकडे चालण्याचा आग्रह धरला. दैवी शक्तीने मूल देतो म्हणून बाईचे शोषण करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला आहे, हे तिला सांगावे लागले.

बायकोच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्यावर नवऱ्याच्या रक्ताची तपासणी झाली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या शरीरातले हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असते. म्हणून रक्त सकाळीच द्यावे लागते, आणि एकदा कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करावी लागते. बहुतेक ठिकाणी ३०० च्या खाली आले तर कमी धरतात. आमचे दोन्ही वेळा २०० च्याही आत होते.

इथे खरा पेच आला. पहिल्या डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनचेच इंजेक्शन सुचवले. महिन्यात ताकद येईल, इच्छा येईल, असे ते म्हणाले. ऐकून बरे वाटले. पण बायकोने एकच विचारले, "याने मूल होईल का?" त्यावर नीट उत्तर मिळाले नाही. म्हणून आम्ही अमरावतीला हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. मंडीत मुकादम हाळी देतो तेव्हा हमाल कामाला लागतात. शरीरातला मुकादम म्हणजे मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी ग्रंथी. तिची हाळी वृषणांपर्यंत गेली की तिथे टेस्टोस्टेरॉनही तयार होते आणि शुक्राणूही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले तर मुकादमाला वाटते, माल भरपूर आला. तो हाळीच बंद करतो. रक्तात हार्मोन भरपूर दिसते, माणसाला तरतरी येते, पण वृषणातले काम थांबते आणि शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात. इंजेक्शन बंद केले तरी ते परत यायला अनेक महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास अनेक देशांत हेच औषध पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिले होते. म्हणजे ज्याला मूल हवे त्याच्या हाती मूल थांबवणारे औषध दिले जाते, आणि त्याला ते माहीतही नसते!

आमच्या नवऱ्याचा मुकादमच मंद झाला होता. त्यावर एचसीजी नावाचे इंजेक्शन मिळाले. हे हार्मोन गरोदर बाईच्या शरीरात तयार होते आणि पुरुषाच्या शरीरात ते मुकादमासारखी हाळी देते. आठवड्यातून दोनदा घ्यायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे. आमच्याकडे फ्रीज नाही. शेजारच्या ताईंकडे ठेवायला गेलो तेव्हा त्यांनी साहजिकच विचारले, हे कशाचे? आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि नवऱ्यानेच सांगितले, "ताई, माझ्या उपचाराचे आहे. मूल व्हावे म्हणून." त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी दुधाचे पातेले सरकवून जागा करून दिली. त्या दिवसापासून बायकोला ओट्यावर तो प्रश्न कोणी विचारला नाही.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. त्यामुळे आठ दिवसांत फरक शोधू नये. डॉक्टरांनी खर्रा सोडायला लावला, कारण तंबाखूने शुक्राणूंचे नुकसान होते. फवारणीच्या कामालाही जपून जा म्हणाले. आपल्या वरूड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. त्या खऱ्या कॅलिफोर्नियात १९७७ साली डीबीसीपी हे कीडनाशक बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार आपसात बोलू लागले, की आपल्यापैकी कोणालाच मूल का होत नाही? तपासणी झाली आणि कित्येकांचे शुक्राणू संपलेले निघाले. कामगार लाजून गप्प बसले असते तर ते विष तसेच चालू राहिले असते.

लैंगिक प्रश्नांवर उघड बोलण्याचे वावडे आपल्याला तरी नसावे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते.

आमचे आज काय? दहा महिने झाले. आधी मिलिलिटरमागे वीस लाख शुक्राणू होते, आता नव्वद लाख आहेत. किमान १ कोटी ६० लाख असावेत असे मानतात, पण त्याहून कमी असतानाही मूल राहू शकते. अंगात ताकद आली, घरात बोलणे-हसणे परत आले. मूल होईल की नाही, ते आज कोणी सांगू शकत नाही. आणखी काही महिने वाट पाहू, लागले तर पुढचा उपचार घेऊ, आणि नाहीच झाले तर दत्तक घेण्याचेही बोलून ठेवले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, वर्षभर प्रयत्न करून मूल राहिले नाही तर दोघांनीही तपासून घ्या. पुरुषाची वीर्यतपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, ती आधी करा. ताकदीचे कोणतेही इंजेक्शन टोचून घेण्याआधी, आम्हाला मूल हवे आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि सासू-सासऱ्यांना हात जोडून विनंती, सुनेला माहेरी धाडण्याआधी मुलाला दवाखान्यात धाडा.

जयभीम.