पत्र्याची ट्रंक

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगानं आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, नाव आणि खाली 'बँडमास्तर' असं लिहिलेलं आहे. लहानपणी मला त्या अक्षरांचा अभिमान वाटे. आठवीत गेल्यावर लाज वाटू लागली. 'वडील काय करतात?' असं कुणी विचारलं की मी 'शेती' असं सांगे. ते अगदीच खोटं नव्हतं, अर्धा एकर रान आहे आमचं. पण लग्नसराईत वडील आणि आप्पा, माझे थोरले चुलते, लाल कोट घालून दुसऱ्यांच्या वरातीपुढं वाजवत चालतात, हे मी सांगत नसे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरावरचे पत्रे बदलायचे निघाले आणि ट्रंक खाली आली. आप्पा म्हणाले, "भंगारवाला आला की देऊन टाक." द्यायच्या आधी बघावं म्हणून मी ती उघडली, आणि सबंध सुट्टी तिच्यापुढं बसून काढली.

आत काय होतं? सुपाऱ्यांच्या चार नोंदवह्या, सरगम लिहिलेल्या सात वह्या, मेरठच्या वाद्यविक्रेत्यांची बिलं, पाकिटात घातलेले फोटो आणि एक कॅसेट. इंग्रजांच्या पलटणींचे बँड बघून आपल्याकडं बँड आले आणि मेरठच्या जली कोठी भागात त्या वाद्यांचा धंदा उभा राहिला. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची. आबांचं क्लॅरिनेट तिकडूनच आलं होतं. त्याचे हप्ते बिलाच्या पाठीमागं पेन्सिलीनं मांडलेले आहेत.

नोंदवह्यांचे रकाने ठरलेले: तारीख, गाव, माणसं, बत्त्या, ठरलेली रक्कम, इसार, बाकी. पहिल्यांदा ते रुक्ष वाटले. मग १९७३ सालच्या पानांवर आले. मार्च ते मे, ऐन लग्नसराई, आणि तीन महिन्यांत तीन सुपाऱ्या. बाकीच्या मोकळ्या जागेत आबांनी फक्त 'खडीवर' असं लिहिलं आहे. १९७२ चा दुष्काळ मी पाठ्यपुस्तकात वाचला होता. त्यावर पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं. क्लॅरिनेटच्या भोकांवर फिरणारी बोटं त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, हे मात्र त्या एका शब्दानं कळलं.

आमच्या गावापासून मिरज तासाभराच्या वाटेवर. तिथं अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचा आनंदच आहे. पण त्याच मुलखातल्या धुळीच्या रस्त्यांवरून ज्यांनी गावोगावची लग्नं वाजवली, त्यांचं काय? ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं भारतातल्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' हे इंग्रजी पुस्तक २००५ साली लिहिलं. परदेशातला माणूस येऊन विचारून गेला आणि आम्ही घरातले भंगारवाल्याची वाट बघत होतो!

आप्पांनी एकच अट घातली, ट्रंक घराबाहेर जायची नाही. म्हणून मोबाइलच ट्रंकेपाशी नेला. सकाळी खिडकीजवळ काळं कापड अंथरायचं, त्यावर वही, शेजारी आकार कळावा म्हणून पट्टी. फ्लॅश लावायचा नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढायच्या, कसर लागलेली पानं ब्रशनं झटकायची. प्रत्येक फोटोला साल, वही आणि पान यांचं नाव द्यायचं, नाहीतर मोबाइलमध्ये नुसता ढीग साठतो आणि ट्रंक होती ती बरी होती असं वाटतं.

माणसांच्या फोटोंचं काम अवघड गेलं. एका फोटोत चौदा वाजवणारे आहेत. आप्पांनी आणि आईनं मिळून अकरा ओळखले. एका टोकाला डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली बाई उभी आहे. तिचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. उजेड तिचा, म्हणून बाकीचे दिसतात. यादीत तिच्यापुढं 'बत्तीवाली' एवढंच लिहून ठेवलं आहे.

कॅसेट मात्र मी बिघडवली. धीर धरवला नाही. शेजारचा जुना टेपरेकॉर्डर आणून, न पुसता, तशीच लावली. आत रबरी चाकाला फीत गुंडाळली गेली आणि सात-आठ सेकंदांचा तुकडा चुरगळून गेला. तो कायमचा गेला. नंतर शहाणपण शिकले. स्पिरिटनं हेड आणि चाक पुसायचं, कॅसेटचे बारीक स्क्रू काढून फीत नव्या डबीत घालायची, तुटलेली टोकं साध्या सेलोटेपनं जोडायची नाहीत, कारण त्याचा डिंक पसरतो. सुट्टी संपल्यावर आप्पांनी एवढी एक कॅसेट बाहेर न्यायची परवानगी दिली आणि महाविद्यालयातल्या संगणकावर तिचा आवाज न दाबता, चोवीस बिटमध्ये उतरवून घेतला.

कॅसेट १९८३ सालच्या एका वरातीची. नवऱ्या मुलाच्या मुंबईच्या भावानं ती भरली आणि आबांना भेट दिली. सुरुवातीलाच 'नागिन'ची बीन आहे. १९५४ च्या त्या चित्रपटात ती कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. गारुड्याच्या पुंगीची नक्कल विजेच्या वाद्यानं केली आणि तिची नक्कल आबांनी क्लॅरिनेटवर. पण ऐकताना नक्कल वाटत नाही. आबा वारले तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्यांचा श्वास मी पहिल्यांदा ऐकला तो दोन सुरांच्या मध्ये.

बीन संपते आणि एक जाड आवाज येतो, "वाजपवाल्यांची पंगत मागं, गोठ्याकडं लावा." क्षणभर कुणीच बोलत नाही. मग आबांचा आवाज, "चला रं, पुढचं धरा." आणि बँड सुरू होतो.

मी हे आप्पांना ऐकवलं. ते म्हणाले, "ते बोलणं काढून टाक. आबांचं वाजवणं ठेव."

"आप्पा, हासुद्धा इतिहास आहे. काढला तर खोटं होईल."

"तुझ्यासाठी इतिहास हाय, पोरी. मी तिथं जेवलोय."

मला उत्तर सुचलं नाही. त्या वेळी आप्पा साईड ड्रम वाजवत होते, माझ्याहूनही लहान होते. मी आठवीत जी लाज लपवली, ती त्यांनी ताटात घेऊन खाल्ली होती. मग ती सगळ्यांना ऐकवायची की नाही, हे ठरवणारी मी कोण?

शेवटी तोड निघाली. मूळ ध्वनिफीत जशीच्या तशी ठेवायची. तिच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पण लोकांना द्यायच्या प्रतीत ते वाक्य नसेल. आप्पा सांगतील तेव्हाच ते परत येईल.

हा लेख छापायला देण्याआधी आप्पांना वाचून दाखवला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "लिहूनच टाकलंस की! राहू दे. त्या घराचं नाव तेवढं घालू नको."

"का? अजून भीती वाटते?"

"भीती कसली? त्यांच्या नातवाचं लग्न हाय. काल सुपारी देऊन गेलेत."

डीजेच्या दिवसांत सुपारी म्हणजे लहान गोष्ट नव्हे. मी ट्रंकेतली शेवटची नोंदवही काढली, तिच्यात अजून कोरी पानं आहेत. तारीख लिहिली, गाव लिहिलं, माणसं नऊ, इसार मिळाला. वही मिटणार तोच आप्पा म्हणाले, "थांब. एक रकाना वाढव. जेवण म्हणून. आणि त्यात लिही, मांडवात. मी बोलून घेतलंय."