सिंहद्वाराच्या आतली काशी

काशीला गेलेला मराठी माणूस सहसा तीन-चार दिवसांत परततो. गंगास्नान, विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, नावेतून घाटांची एक फेरी, बनारसी साडीची खरेदी, की यात्रा सुफळ झाली! निघायच्या दिवशी वेळ उरलाच, तर रिक्षावाला 'नवा विश्वनाथ' दाखवायला म्हणून गावाच्या दक्षिण टोकाला लंका नावाच्या चौकात नेतो. (रामाच्या भक्तांनी गजबजलेल्या गावात लंका कशी, असा प्रश्न पडायचं कारण नाही. रामलीलेतल्या लंकेवरूनच हे नाव पडलं असं सांगतात.) समोर पंडित मदनमोहन मालवीयांचा पुतळा, त्यामागे भव्य सिंहद्वार, आणि आत शिरलं की गलबला एकदम मागे पडतो. दुतर्फा झाडी, रुंद रस्ते, सायकली. मंडळी नव्या विश्वनाथाचं दर्शन घेतात, संगमरवरी भिंतींवर कोरलेली गीता पाहतात आणि गाडीची वेळ झाली म्हणून परत फिरतात. आजूबाजूला हजारो मुलामुलींचा एक मोठा संसार चाललेला असतो, तो पाहायचा राहूनच जातो.

बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा हा परिसर सुमारे तेराशे एकरांचा. जमीन काशीनरेशांनी दिलेली. आखणी अर्धवर्तुळाची. एका कमानीत शिकवण्याच्या इमारती, मध्ये खेळाची मैदानं आणि पुढच्या कमानीत वसतिगृहं. मालवीयजींनी देशभर झोळी फिरवून पैसा उभा केला, त्याची खूण वसतिगृहांच्या नावांत अजून दिसते. बिरला, रुईया, राजपुताना, धनराजगिरी, लिंबडी, मोरवी. यांतली लिंबडी आणि मोरवी ही काठेवाडातली संस्थानं. मुंबईकराला 'रुईया' वाचून माटुंगा आठवेल. इथल्या मुलांना मात्र 'लिंबडी कॉर्नर' म्हणजे चहा, गप्पा आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या उसन्या वह्या.

विश्वविद्यालयाची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते बसली. सोहळा पुढे काही दिवस चालला. त्यातच ६ तारखेला गांधीजींनी, दागिन्यांनी मढलेल्या राजेमहाराजांच्या समोरच, त्यांच्या झगमगाटाबद्दल खडे बोल सुनावले आणि सभा मोडली. या भाषणाचा वृत्तांत काशीतच संस्कृत शिकायला आलेल्या एका मराठी तरुणाने वाचला आणि त्याने गांधीजींना पत्र लिहिलं. तो तरुण म्हणजे विनोबा भावे.

मात्र विश्वविद्यालयाचा वाढदिवस तारखेने होत नाही, वसंत पंचमीला होतो. त्या दिवशी स्थापनास्थळी पूजा होते आणि परिसरातून शोभायात्रा निघते. एकेक विद्याशाखा आपापला चित्ररथ घेऊन येते. कुणी शेतीतला नवा प्रयोग मांडतं, कुणी मालवीयजींच्या आयुष्यातला प्रसंग. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थर्मोकोल, झेंडूच्या माळा आणि पुठ्ठ्याचे मुकुट यांची रात्रभर चाललेली जुळवाजुळव असते. मुली पिवळ्या साड्यांत, मुलं कुर्त्यांत. वसतिगृहांतही सरस्वतीच्या मूर्ती बसतात. वर्गणी, मांडव, रोषणाई, प्रसाद, मग विसर्जनाची मिरवणूक. आपल्याकडे गणपतीत जे चालतं, अगदी तेच. पुण्या-नागपुराहून गेलेल्या मुलाला वर्गणीचं पुस्तक हातात पडलं की निम्मं परकेपण सरतं.

उरलेलं निम्मं सरायला मात्र मेसची वाट चालावी लागते. रोज भात, डाळ, आलूची भाजी. पहिल्या महिन्यात घरी जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये त्याची तक्रार असते. थंडी सुरू झाली की गावात 'चूडा-मटर' मिळू लागतो. पोहे आणि कोवळे मटार तुपात परतलेले, हळदीचा पत्ता नाही. मराठी मुलं पहिल्या घासाला नाक मुरडतात आणि जानेवारीपर्यंत तेच दुसऱ्यांना त्याचं कौतुक सांगत असतात. पहाटे दवात घुसळलेल्या दुधाच्या फेसाचा 'मलइयो', लंकेवरची कुल्हडातली लस्सी, गल्लीतली कचोरी-जिलेबी. मेसची बाकी गावच भरून काढतं.

श्रावण-भाद्रपदात जन्माष्टमी येते. बनारसमध्ये या दिवशी झांकी मांडायची जुनी हौस आहे. रंगवलेल्या भुश्शाचे रस्ते, कापसाचे डोंगर, आरशाची यमुना, मधोमध पाळणा. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांचं हे चुलतभावंडच म्हणायचं. विश्वविद्यालयातही ती मांडली जाते आणि यात महिला महाविद्यालयाच्या मुलींचा हात धरणारं कुणी नाही. २५ डिसेंबर हा मालवीयजींचा जन्मदिवस. त्या सुमारास मालवीय भवनाच्या आवारात फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा अख्खं गाव मुलाबाळांना घेऊन आत येतं. मग विद्याशाखांच्या चढाओढीचा 'स्पंदन' हा युवक महोत्सव: गाणं, नाटक, नृत्य, रांगोळी. आणि इंजिनिअरिंगवाल्यांची 'काशीयात्रा'. १९८२ पासूनच्या या महोत्सवाला आपल्या आजीला भाबडेपणाने पुण्यप्रद वाटेल असं नाव आहे. प्रत्यक्षात तिथे रात्री दणदणाटी गाणी वाजतात. बक्षीस मिळालं की गजर मात्र एकच होतो, 'हर हर महादेव!' तमिळ मुलगा आणि मणिपुरी मुलगीही पहिल्या वर्षातच तो शिकतात.

मराठी माणसाचं या परिसराशी नातं जुनं आहे. प्राचीन इतिहासाचे अनंत सदाशिव आळतेकर इथे शिकवत. गणिताचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये इथे आले आणि जवळजवळ तीन दशकं राहिले. त्यांचे चिरंजीव जयंत याच आवारातल्या बंगल्यात वाढले. घरातल्या फळ्यावर मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, भाच्यासाठी एखादं अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. जयंतराव १९५७ मध्ये इथून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले. त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातलं पहिलं नगर हेच.

पण इथले सण पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. रांगोळी, झांकी, चित्ररथ, आरतीचं ताट यांत मुली पुढे असायच्या, आणि दिवेलागणीनंतर परिसर मुलांचा व्हायचा. मंदिराच्या अंगणातल्या गप्पा, मध्यरात्रीचा चहा, लंकेवरची चक्कर या ज्या गोष्टींना माजी विद्यार्थी 'हॉस्टेल लाइफ' म्हणून डोळे ओलावून सांगतात, त्यांतल्या कितीतरी मुलींनी फक्त ऐकल्या. महिला महाविद्यालय १९२९ मध्ये सुरू झालं. त्या काळात दूरदूरच्या गावांहून मुलींना एकटं पाठवायला घरचे राजी झाले, ते दाराला कुलूप असेल या भरवशावरच. भरवसा खरा होता. पण पुढे काळ बदलला आणि कुलूप राहिलं. संध्याकाळी सात-आठला दार बंद, मुलींच्या मेसमध्ये सामिष बंद, रात्री फोनवर बोलण्याला बंधन. शेजारच्या वसतिगृहातल्या भावाला यातलं काहीच नाही.

२१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची मोटारसायकलवरच्या तरुणांनी छेड काढली. तिने दाद मागितली, तेव्हा 'इतक्या उशिरा बाहेर कशाला होतीस?' असं उलट विचारलं गेलं, असा विद्यार्थिनींचा आरोप होता. वेळ संध्याकाळचीच होती. दुसऱ्या दिवशी मुली सिंहद्वारापाशी ठाण मांडून बसल्या. मागण्या साध्या होत्या: अंधाऱ्या रस्त्यांवर दिवे, कॅमेरे, चोख पहारा, तक्रार ऐकून घेणारं माणूस. पंतप्रधान तेव्हा वाराणसीच्या दौऱ्यावर होते. २३ तारखेच्या रात्री परिसरात लाठीमार झाला, मुलीही जखमी झाल्या आणि देशभरातल्या घराघरांत ती दृश्यं पोहोचली. कुलगुरू रजेवर गेले. मुख्य सुरक्षाधिकारी, ज्यांना तिथे चीफ प्रॉक्टर म्हणतात, त्यांनी राजीनामा दिला आणि त्या पदावर प्रथमच एक स्त्री आली, प्रा. रोयाना सिंह. विश्वविद्यालयाला तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती.

अर्थात, दिवे लागले म्हणून काळजी संपत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच आवारातल्या आय.आय.टी.च्या एका विद्यार्थिनीवर रात्री अत्याचार झाला आणि मुलंमुली पुन्हा रस्त्यावर आली. मुलीला बाहेरगावी पाठवणाऱ्या आई-बापांनी दार लवकर बंद व्हावं म्हणावं की रस्ता सुरक्षित व्हावा म्हणावं, हा पेच काशीपुरता नाही. २०१७ मध्ये सिंहद्वारापाशी बसलेल्या मुलींनी मात्र आपल्यापुरतं उत्तर दिलं होतं. त्यांनी रस्ता मागितला.

काशीला जाणाऱ्यांनी जमल्यास वसंत पंचमीचा मुहूर्त साधावा. सकाळी शोभायात्रा पाहावी आणि दिवस कलंडल्यावर नव्या विश्वनाथाच्या अंगणात थोडं टेकावं. या मंदिराचा पाया १९३१ मध्ये घातला गेला आणि काम १९६६ मध्ये पुरं झालं. मालवीयजी १९४६ मध्येच गेले, त्यांना ते पाहता आलं नाही. आत यायला जातीधर्माची आडकाठी नाही. आरती संपते, बाहेर कोल्ड कॉफी आणि समोशांभोवती गर्दी होते. दिवसभर ट्रॉलीवर सरस्वती होऊन वीणा धरून बसलेली एखादी मुलगी मुकुट काखेत मारून मैत्रिणींबरोबर चहा पीत असते. तिच्या कपाळावरचं पिवळं गंध अजून ओलं असतं.